जुन्या कट्यारी, खंजीर, संगिनी आणि त्यांच्यावरची काळपट चढण: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र बसले की माझ्या मोबाइलवर फोटो यायला लागतात. शिरपूर, पारोळा, चोपडा, शहादा, यावल, कुठून कुठून. कुणाच्या माळ्यावर कट्यार सापडलेली असते, कुणाच्या आजोबांनी फौजेतून आणलेली संगीन ट्रंकेत असते. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून सोप्यापासून अवघडापर्यंत ते इथे लावून ठेवले आहेत. एक विनंती आधीच करतो. प्रश्न २ ते ५ वाचून होईपर्यंत हातातल्या शस्त्राला काहीही लावू नका.

१. कट्यार, खंजीर, बिचवा, पेशकब्ज यांत फरक काय? आमच्या घरात सगळ्यालाच कट्यार म्हणतात.

आधी मूठ बघा. कट्यारीला दोन उभे गज असतात आणि त्यांच्यामध्ये धरायला आडवे दांडे. मूठ वळली की पाते सरळ पुढे येते, म्हणजे हे हत्यार फिरवायचे नाही, खुपसायचे. खंजिराचे पाते दुहेरी वळणाचे आणि दोन्हीकडून धारेचे असते, मूठ मात्र नेहमीसारखी. बिचव्याचे पाते विंचवाच्या नांगीसारखे वळते आणि मुठीला लोखंडी कडे असते, त्यातून बोटे घालतात. पेशकब्जाला एकच धार, पाठ जाड आणि टोक निमुळते, कारण ते साखळीचे चिलखत भेदण्यासाठी घडवलेले. दख्खनमध्ये चिलानमही भेटते, त्याचे पाते आणि मूठ बरेचदा एकाच लोखंडातून घडवलेली असते. संगीन ओळखायला सोपी: मुठीच्या आडव्या पट्टीला बंदुकीच्या तोंडाशी बसणारी गोल कडी असते.

२. पॅटिना म्हणजे शेवटी गंजच ना?

दोन्ही लोखंडाचे ऑक्साइड, पण स्वभाव उलटा. लाल-नारिंगी गंज भुसभुशीत असतो, हवेतला ओलावा धरून ठेवतो, फुगतो, पापुद्रे काढतो आणि खालचे पोलाद खात जातो. काळपट-तपकिरी पॅटिना पातळ आणि घट्ट असतो. त्यात मॅग्नेटाइट नावाचे काळे ऑक्साइड असते, ते धातूला चिकटून बसते आणि पुढचा गंज मंदावते. हा थर तेल, हाताळणी आणि काळ यांतून पिढ्यान् पिढ्या चढतो. पितळ तसेच तपकिरी होते, चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते.

ओळखायची घरची रीत सांगतो. पांढरे कोरडे सुती फडके हलक्या हाताने फिरवा. नारिंगी भुकटी आली तर गंज जिवंत आहे. फडके जवळजवळ स्वच्छ राहिले आणि बोटाला पाते गुळगुळीत लागले तर तो पॅटिना.

तो जपायचा कशासाठी? कारण ती शस्त्राची मूळ कातडी आहे. बोटे कुठे टेकत होती, म्यान कुठवर येत होते, पाते कुठे एकदा दुरुस्त झाले, हे सगळे त्या थरात दिसते. पोलादावरचे जौहर, म्हणजे पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, आणि बारीक कोरीव अक्षरेही त्याच कातडीवर असतात. थर घासला की ती धातूसकट निघून जातात.

३. "भाऊ, मना आजानी कट्यार शे. तिले गंज लागेल शे. खंडेनवमीले घासू का नको?"

घासू नका, भाऊ. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याच एका सवयीने खान्देशातल्या जितक्या कट्यारी बिघडल्या तितक्या वाळवीने आणि पावसानेही बिघडल्या नसतील, असे माझे मत आहे. खंडेनवमीला हत्यारे लख्ख करून पूजायची, म्हणून चिंच, लिंबू, राख, आणि हल्ली काचपेपर. चिंच-लिंबाच्या आंबटाने काळा थर विरघळतो, राखेने तो खरवडला जातो. खालचे उघडे पोलाद चार दिवस चमकते आणि पुढच्या पावसाळ्यात आधीपेक्षा जोरात गंजते. मग पुन्हा दसरा, पुन्हा काचपेपर.

हे मी केलेले आहे. नववीत असताना आमच्या घरातली पणजोबांची कट्यार मी काचपेपरने अख्खी दुपार घासली. संध्याकाळी सगळ्यांनी कौतुक केले. तिच्या उभ्या गजांवर चांदीच्या तारेचा नाजूक वेल होता. काळवंडल्यामुळे तो तेव्हा कुणालाच दिसत नव्हता. कित्येक वर्षांनी भिंगातून बघताना पात्याच्या रिव्हेटशेजारी, जिथे काचपेपर पोचला नव्हता, तिथे वेलाची दोन पाने उरलेली दिसली. ती पाने बघितली की आजही गलबलून येते.

पूजा जरूर करा. पाटावर कोरडे कापड घालून त्यावर शस्त्र ठेवा. हळद-कुंकू आणि अक्षता समोर विड्याच्या पानावर वाहा, पात्यावर नको. ओले कुंकू आणि ओला झेंडू एका रात्रीत डाग पाडतात. नारळाचे पाणी शिंपडू नका. आपट्याची पाने कोरडी असतात, ती शेजारी ठेवायला हरकत नाही. पूजा झाली की त्याच दिवशी कोरड्या फडक्याने पुसून ठेवा.

४. मग साफ करायचेच नाही का? करायचे तर कसे?

धूळ आणि जुने चिकट तेल काढायचे, थर ठेवायचा. हातात सुती मोजे घाला, कारण घामातले मीठ पात्यावर बोटांचे ठसे कायमचे उमटवते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. मग शिलाई मशीनचे पातळ तेल फडक्यावर घेऊन लावा आणि एक-दोन दिवस तसेच राहू द्या. मळ मऊ झाला की पुसून घ्या, खोबणीतला मळ बांबूच्या काडीने काढा. उरलेले तेल सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने टिपा आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. संग्रहालयांत वापरले जाणारे रेनेसान्स वॅक्स हे असलेच मेण, ते ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झाले.

खोबरेल लावू नका, ते कालांतराने खवट आणि चिकट होते, मग त्यावर धूळ बसते. अळशीचे तेल व्हार्निशसारखे वाळते. पितळ चकाकवणारे द्रव नक्षीत पांढरी भुकटी सोडतात. तारेचा ब्रश, बफिंगची चकती आणि गंज काढायचे रसायन तर हातातच घेऊ नका. खंजिराला किंवा पेशकब्जाला गरम पाणी वा गॅसची आच दाखवू नका. अशा बऱ्याच मुठींत पात्याचा शेपटा, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, लाखेने बसवलेला असतो. लाख वितळली की पाते हातात येते.

५. पुसून, तेल लावून ठेवले तरी दर पावसाळ्यात थेंबाथेंबाचा नारिंगी गंज येतोच. का?

ही मिठाची खूण आहे. विशेषतः शस्त्र धाब्याच्या घरातून निघाले असेल तर. आपल्याकडे पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकतात. तुळईच्या फटीत किंवा सऱ्यांवर चिंध्यांत गुंडाळून लपवलेल्या हत्यारावर ती माती वर्षानुवर्षे झिरपते आणि तिच्यातले क्लोराइड गंजाच्या तळाशी जाऊन बसते. हवा दमट झाली की तेच ओलावा ओढून घेते आणि पृष्ठभागावर नारिंगी दवबिंदू उठतात. म्हणून एकाच वाड्यातल्या दोन कट्यारींपैकी देवघरातली शाबूत राहते आणि धाब्यातली सडते.

एरवी मी "हात लावू नका" म्हणतो, पण इथे गप्प बसणे चुकीचे. शस्त्र घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरपूर सिलिका जेल घालून ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते सुकवून परत घाला. भिंगाखाली फक्त ते जिवंत ठिपके तेल लावून धारदार पात्याच्या टोकाने अलगद उचला, आजूबाजूचा काळा थर सोडून. खोलवरचे मीठ काढायला शस्त्र अल्कली द्रावणात दिवसेंदिवस ठेवावे लागते. ते काम संग्रहालयाच्या संवर्धकाचे आहे, घरी करू नका. पितळी भागावर फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर तोही मिठाचाच प्रकार. गडद, घट्ट हिरवट थर मात्र निरुपद्रवी.

६. शिकलगाराकडे धार लावून घेऊ का?

नको. शिकलगारांच्या पूर्वजांनीच ही हत्यारे लढाईच्या काळात जपली आणि त्यांच्या हुन्नराबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण आता यांत्रिक दगडावर धार लावताना पात्याची मूळ रेषाच जाते. विळे-कोयते न्या, कट्यार नको.

७. पॅटिना खरा आहे की आम्लाने चढवलेला, विकत घेताना कसे ओळखायचे?

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या, उन्हात उभे राहा आणि घाई करू नका. खरा पॅटिना कधीच एकसारखा नसतो. हात लागायचा तिथे तो झिजून उजळ झालेला असतो, कोपऱ्यात दाट असतो आणि म्यानाच्या तोंडाशी रंग बदलतो. आम्लात बुडवलेल्या हत्याराचा रंग टोकापासून मुठीपर्यंत एकच असतो. खऱ्या खड्ड्यांच्या कडा गुळगुळीत, तळ काळा, आकार लहानमोठे. आम्लाचे खड्डे चाळणीसारखे एकसारखे आणि कडा धारदार.

दोन वर्षांपूर्वी एका यात्रेत मला एक कट्यार दाखवली होती. "दोनशे वर्षांची आहे," असे विक्रेता सांगत होता. रंग सुरेख, तपकिरी. मी आडव्या दांड्यांमध्ये बोटे घातली. जुन्या कट्यारीत इथे दांड्याची आतली बाजू तळहाताने घासून जराशी चपटी आणि मऊ झालेली असते. या दांड्यांच्या कडा बोटांना टोचत होत्या. भिंग लावले तर गंजाच्या खाली एकमेकांना समांतर ओरखडे होते, ग्राइंडरच्या चकतीचे. गज जिथे पात्याला जोडले होते तिथे विजेच्या वेल्डिंगचे मणी घासून सपाट केलेले. स्पिरिटचा बोळा फिरवला तर तो बूटपॉलिशच्या रंगाने भरला. चार खुणा, आणि एकेकटी खूण कुठेही चुकू शकली असती. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका.

राजस्थानात सजावटीसाठी आजही कट्यारी बनतात आणि नव्या म्हणूनच विकल्या तर त्यांत काही गैर नाही. त्याच उकिरड्यात पुरून जुन्या केल्या की फसवणूक होते.

८. आमच्या कट्यारीच्या पात्यावर इंग्रजीसारखी अक्षरे आहेत. म्हणजे नकली?

उलट, जपून ठेवा. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातून आलेल्या तलवारींची पाती कापून कट्यारींना बसवण्याची चाल होती. फिरंगी पाते कौतुकाचे मानले जाई. असे पाते गजांच्या खालच्या पट्ट्यांत रिव्हेटने ठोकलेले असते आणि त्यावर लांब पन्हळी दिसतात. अक्षरे घासून उजळ करून बघू नका, तिरपा टॉर्च मारून फोटो काढा.

९. आजोबांची संगीन पहिल्या महायुद्धातली आहे असे सांगतात. तारीख कशी कळेल?

फौजी हत्यारांची हीच मौज आहे, ती स्वतःच बोलतात. मुठीलगतच्या धार नसलेल्या भागावर भिंग लावा. १९०७ च्या नमुन्याच्या संगिनीवर राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, १९०७ हा आकडा, त्याखाली महिना-वर्ष आणि कारखान्याचे नाव असते. १९०७ हे नमुन्याचे साल, बनवल्याचे नव्हे. इथे खूप जण चुकतात. दुसऱ्या बाजूला सरकारी मालकीचा बाण आणि "एक्स" असतो, तो पाते वाकवून तपासल्याची खूण. राजाची अक्षरे "जीआरआय" आणि कारखाना "आरएफआय" असेल तर ती बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची.

आणखी दोन पुरावे. सुरुवातीच्या संगिनींना आडव्या पट्टीचे टोक आकड्यासारखे वळलेले असे, ते १९१३ मध्ये बंद झाले. मुठीच्या टोकाजवळचे आरपार भोक १९१६ पासून आले. मूळ पाते १७ इंचांचे, भारतात मात्र पुढे ती पाती आखूड केली गेली, त्यामुळे १२ इंचांची संगीन दिसली तर मोडकी समजू नका. हे शिक्के पॅटिनाच्या खाली दबलेले असतात. प्रश्न ४ प्रमाणे तेलाने मळ मऊ केला की ते वाचता येतात.

१०. ही संगीन वरणगावच्या फॅक्टरीतली असू शकते का?

नाही. वरणगावला काडतुसे बनतात. या संगिनी वरणगावच्या कारखान्याच्या कितीतरी आधीच्या आहेत.

११. फौजेतला खंजीर आहे, पाते पूर्ण काळे. हा पॅटिना की रंग?

कमांडो खंजिरासारख्या दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच शस्त्रांना रात्री चमकू नयेत म्हणून कारखान्यातच काळे केलेले होते. तो मूळ लेप आहे, जेवढा उरला असेल तेवढा ठेवायचा. खुकरी असेल तर म्यानाच्या मागचे दोन छोटे कप्पे बघा. कर्दा आणि चकमक ही दोन छोटी पाती तिथे असतात आणि तीच सगळ्यात आधी हरवतात.

१२. घरात ठेवायला परवाना लागतो का?

शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू होतात. नियमांच्या यादीत कट्यारी, संगिनी, तलवारी, खुकऱ्या ही नावे आहेत, आणि पात्याची मर्यादा ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदी अशी आहे. धारदार शस्त्राला परवाना हवा की नाही हे कायद्याच्या कलम ४ खाली तुमच्या भागासाठी अधिसूचना आहे का यावर ठरते. म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, पोलीस ठाण्यात लेखी विचारा. फोटो आणि मापे जोडून अर्ज द्या, पोच घ्या आणि ती शस्त्राजवळच ठेवा.

"अँटिक आहे, सूट असते" हे अर्धसत्य आहे. कलम ४५ मधली जुन्या शस्त्रांची सूट बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या हत्याराबद्दल बोलते. तिच्या भरवशावर कट्यार मिरवू नका. सण-निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा मिरवणुकीतच काय, दुरुस्तीसाठीही शस्त्र घेऊन बाहेर पडू नका.

१३. शेत नांगरताना खंजीर सापडला. तो माझाच ना?

आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर भारतीय निखात निधी कायदा १८७८ प्रमाणे ते बंधनकारक आहे. आणि तो धुऊ नका. माती लागलेलाच कागदात गुंडाळा, सापडल्या जागेचा फोटो काढा. चिकटलेल्या मातीत म्यानाचे लाकूड किंवा कापडाचे धागे असू शकतात.

१४. मूठ हस्तिदंताची आहे. विकता येईल?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो. आधी खात्री करा, कारण पुष्कळ मुठी हाडाच्या असतात. हाडावर भिंगातून बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. खरेच हस्तिदंत निघाला तर वनविभागाला विचारल्याशिवाय तो कुणालाही देऊ नका.

१५. पुतण्या अमेरिकेत आहे, त्याला भेट म्हणून पाठवू का?

शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा १९७२ तसे सांगतो, आणि अशा वस्तू विकण्याचा धंदा करायलाही त्याच कायद्याखाली परवाना लागतो. पुतण्या सुटीत आला की त्याच्या हातात द्या, बघू द्या, आजोबांची गोष्ट सांगा.

१६. "आमची कट्यार भिल्ल कोअरची", "खाज्या नाईकांच्या लढाईतली", असे घरात सांगतात. सिद्ध कसे करायचे?

इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये धरणगावला खान्देश भिल्ल कोअर, म्हणजे इंग्रजांची भिल्ल पलटण, उभी केली आणि इंग्रजांविरुद्ध उठलेल्या खाज्या नाईकांची आंबापाणीची लढाई १८५८ मध्ये झाली, हा इतिहास पक्का आहे. पण कट्यार ही माणसाची स्वतःची वस्तू, तिच्यावर पलटणीचा शिक्का नसतो. त्यामुळे लोखंड बघून कुणीही, मीसुद्धा, अशी गोष्ट खरी की खोटी हे सांगू शकत नाही. तुमच्या हातात आहे ती आजीची आठवण. तिला बसवून विचारा: कुणी आणली, कुठे ठेवायचे, कोणत्या सणाला काढायचे. अहिराणीतच रेकॉर्ड करा, तारीख टाका, आणि कागदावर लिहून शस्त्राच्या डब्यात ठेवा. घराण्याचे जुने कागद असतील तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन विचारा.

१७. खान्देशात ठेवायचे कुठे? उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात दमट.

म्यानात नको. कातड्यातला आम्लाचा अंश पाते आणि पितळ दोन्ही खातो. म्यान वेगळे, पाते वेगळे, पण एकाच कपाटात. त्याचे मुहनाळ-तहनाळ, म्हणजे म्यानाच्या तोंडाची आणि टोकाची धातूची टोपणे, सुटले असतील तर तेही पिशवीत चिठ्ठी लावून ठेवा. नवे प्लायवूड टाळा, त्यातून आम्लाचे वायू सुटतात, लोखंडी कपाट बरे. बाहेरच्या भिंतीला किंवा कूलरसमोर टांगू नका. आपल्याकडे मे महिन्यात घरोघरी कूलर चालतो आणि कोरड्या हवेच्या महिन्यातही पाती गंजतात ती याच ओल्या वाऱ्याने. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी प्रश्न २ मधली फडक्याची परीक्षा करा.

१८. चांगला पॅटिना प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल?

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. काचेपुढे उभे राहून फक्त मुठीच बघत अर्धा तास काढा. डोळा तयार होतो.

१९. आम्ही आधीच काचपेपरने घासून टाकली आहे. पॅटिना परत चढवता येतो का?

रसायनाने काळा रंग चढतो, पॅटिना नाही, आणि अशी कट्यार पुढे कुणी विकली तर प्रश्न ७ मधल्या नकली मालातच जमा होते. उघडे पडलेले पोलाद स्पिरिटने पुसा, मेणाचे दोन पातळ हात द्या आणि तिथेच थांबा. घासायच्या आधीचा एखादा फोटो, लग्नातल्या अल्बममधला का असेना, शोधून काढा आणि डब्यात ठेवा. मग भिंग घेऊन रिव्हेटच्या कडा, गजांचे आतले कोपरे आणि पात्याचा मुठीत शिरणारा भाग तपासा. काचपेपर तिथे पोचलेला नसतो. काही उरले असेल तर ते तिथेच असेल.